धोक्याचा हिशेब गावातच मांडावा

मृग नक्षत्र जवळ आले की शेतकऱ्याच्या घरी हिशेबाला सुरुवात होते. बियाणे किती लागेल, खत कोठून आणावयाचे, बैलजोडी पुरेल की ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागेल, सोसायटीचे कर्ज किती उचलावे, ह्या साऱ्याची मांडणी पहिला पाऊस पडण्यापूर्वीच झालेली असते. परंतु त्याच पावसाबरोबर येणाऱ्या संकटांचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. ओढ्याला पूर आला तर कोणती घरे पाण्याखाली जातील, तलावाचा बांध खचला तर पाणी कोठवर येईल, विजा कडाडू लागल्या तर रानातील माणसे कोठे आसरा घेतील, हे प्रश्न संकट ओढवल्यावरच विचारले जातात. त्या वेळी उत्तराचा उपयोग उरलेला नसतो. संकट दैवाधीन असते, त्याचे मोजमाप करता येत नाही, अशी समजूत ह्यामागे आहे. ही समजूत चुकीची असून फार महागात पडणारी आहे. तिचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. तो पुणे शहराच्या इतिहासातच आहे.

पानशेतचा धडा

मुठेची उपनदी आंबी हिच्यावरील पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. धरणाचे काम तेव्हा पूर्ण झालेले नव्हते; तरीही त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू देण्यात आले होते. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारी मोरी लोखंडी सळ्यांच्या आधाराविना, साध्या काँक्रीटची होती आणि तिच्या दारांचे कामही अपुरे होते. पावसाचा जोर वाढला, जलाशय भराभर चढू लागला, मोरी खिळखिळी झाली आणि तिच्यावरचा मातीचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरणाचा माथा पाण्याच्या वर ठेवण्याची शिकस्त केली. परंतु ते प्रयत्न अपुरे पडले व सकाळी धरण फुटले.

पाण्याचा लोंढा खाली खडकवासल्याच्या जलाशयात शिरला. १८७९ साली पुरे झालेले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले आणि दोन्ही धरणांचे पाणी मुठेच्या पात्रातून पुण्यात घुसले. नारायण व शनिवार पेठांसह नदीकाठचा मोठा भाग बुडाला, वाडे कोसळले, माणसे दगावली, हजारो कुटुंबे बेघर झाली. गोखलेनगर, सहकारनगर ह्या भागांतील पूरग्रस्तांच्या वसाहती त्या दिवसाची आठवण देत आजही उभ्या आहेत. शहर पाण्याने वेढले गेले, आणि पाणी ओसरताच त्याच शहरात पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ पडला. कारण नळांना पाणी पुरविणारा खडकवासल्याचा साठाच वाहून गेला होता. मुठा कालव्यावर पीक घेणाऱ्या शेतकऱ्यावरही तेच संकट आले. त्याच्या शेतात पुराचे पाणी शिरलेले नसले, तरी त्याच्या कालव्याचे उगमस्थान नाहीसे झाले होते.

ह्या घटनेत निसर्गाचा भाग कोणता आणि माणसाचा कोणता, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. पाऊस हा निसर्गाचा भाग होता. अपुऱ्या धरणात पाणी साठू देणे, कच्ची मोरी चालवून घेणे आणि खालच्या वस्तीला सावध करण्याची पक्की व्यवस्था नसणे, हा माणसाचा भाग होता. सर्वसाधारणपणे ज्यास नैसर्गिक आपत्ती म्हटले जाते, तिच्या पोटात असा मानवी भाग बहुधा दडलेला असतो. आणि आटोक्यात आणता येण्यासारखा भाग तोच होय.

पूर्वी झाले नाही म्हणजे होणार नाही काय?

खडकवासल्याचे धरण त्या दिवसापर्यंत ८२ वर्षे टिकून होते. त्याच्या सुरक्षिततेविषयी कोणी प्रश्न केला असता, तर ‘इतक्या वर्षांत कधी काही झाले नाही’ हेच उत्तर मिळाले असते. ते उत्तर खोटे नव्हते, पण निरुपयोगी होते. त्या ८२ वर्षांत खडकवासल्याच्या वरच्या अंगाला दुसरे मोठे धरण नव्हते. पानशेतमध्ये पाणी साठू लागले त्या दिवशी खडकवासल्याचा जुना हिशेब संपला होता. खडकवासल्याच्या भिंतीत काहीही बदल झालेला नसतांना तिच्यावरील जोखीम मात्र पार बदलली होती.

गावोगावी हीच चूक होत असते. डोंगरउतारावर रस्त्यासाठी कापणी होते, वस्तीच्या वर नवे शेततळे वा पाझर तलाव होतो, ओढ्याचे पात्र भराव घालून अरुंद केले जाते, आणि तरीही गावकरी आजोबांच्या काळातील पुराची खूण दाखवून निश्चिंत राहतात. पुण्यातील आंबील ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री असाच वस्त्यांत शिरला व अनेकांचे प्राण घेऊन गेला. त्या रात्री पाऊस प्रचंड होता हे खरे. परंतु ओढ्याला वाहावयास पूर्वीइतकी जागा उरलेली नव्हती, हेही तितकेच खरे. त्याच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत मुठा कालव्याची भिंत फुटून पाणी घुसले. तेथे तर पुराचे कारण पाऊस नव्हताच.

म्हणून पहिला नियम असा की, जुन्या अनुभवाची नोंद अवश्य घ्यावी, परंतु त्या नोंदीनंतर वरच्या अंगाला काय काय बदलले ह्याची यादी तिच्याशेजारी लिहावी. अशी जोड नसलेली जुनी नोंद माणसाला गाफील करते.

जोखमीची तीन अंगे

धोका व जोखीम हे शब्द बोलतांना एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्रात त्यांचे अर्थ निराळे आहेत. पूर, वीज, दरड, आग किंवा विष हा धोका होय. त्या धोक्याच्या वाटेत कोण व काय उभे आहे, हे दुसरे अंग; आणि जे उभे आहे ते किती दुबळे आहे, हे तिसरे. ह्या तिन्हींच्या गुणाकारास जोखीम म्हणतात. तो गुणाकार असल्यामुळे कोणतेही एक अंग कमी केले की जोखीम कमी होते. पाऊस थांबविणे माणसाच्या हाती नाही. पण ओढ्याकाठचे घर हलविणे, निदान घरातील धान्याची कणगी उंचावर ठेवणे, हे त्याच्या हाती आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. औषध विषारी होते, हा धोका. फवारणारा मजूर दिवसभर त्याच्या तुषारांत होता, हे दुसरे अंग. हातमोजे नाहीत, तोंडावर साधा रुमाल, कपाशी वाढून उंच झालेली, त्यामुळे औषध अंगावर व तोंडावर येत होते, हे तिसरे. औषध तेच ठेवूनही पुढची दोन अंगे बदलता आली असती. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, सकाळच्या थंड वेळी थोडेच तास काम करावे, दोन औषधे मनास येईल तशी मिसळू नयेत, हे नियम म्हणजे जोखमीच्या गुणाकारातील आकडे लहान करण्याचेच उपाय होत.

पूररेषा आणि वर्षांचा हिशेब

पुण्यात मुठेच्या काठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या आहेत. सामान्यतः निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. ‘एकदा’ ह्या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. एकदा पूर येऊन गेला की आता २५ वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. त्याचा अर्थ इतकाच की, कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात ४ आहे. पुढच्या वर्षी ती पुन्हा शंभरात ४ असते. नदीला मागील वर्षाची आठवण नसते.

आता निळ्या रेषेवर घर बांधून एखादा शेतकरी तेथे २५ वर्षे राहिला, तर त्या काळात पूर एकदा तरी घरात येण्याची शक्यता किती? एका वर्षी पूर न येण्याची शक्यता शंभरात ९६. ही शक्यता २५ वेळा गुणीत गेल्यास शंभरात सुमारे ३६ उरते. म्हणजे पूर येण्याची शक्यता शंभरात ६४ झाली. लाल रेषेवरील घराचा हिशेब ३० वर्षांसाठी केला, तर ती शक्यता शंभरात सुमारे २६ येते. बियाणे उगवण्याची शक्यता इतकी कमी असती तर ते बियाणे कोणी पेरले नसते. मात्र घर बांधतांना हा हिशेब कोणी करीत नाही.

किती वर्षांच्या पुरासाठी तयारी करावी, हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. १९५३ साली समुद्राच्या उधाणाने हॉलंडमधील बांध फुटून १,८०० हून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर त्या देशाने बांध किती उंच करावेत ह्याचा हिशेब मांडला. बांध उंच करण्याचा खर्च एका पारड्यात आणि पूर आल्यास होणारे नुकसान दुसऱ्या पारड्यात, अशी ती मांडणी होती. दाट वस्तीच्या मध्य हॉलंडसाठी १०,००० वर्षांतून एकदा येणाऱ्या उधाणाची मर्यादा ठरविण्यात आली. इतर भागांसाठी ती कमी ठेवली गेली. ज्यांचे जीवित पणास लागते त्यांना हा निर्णय समजला पाहिजे, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

मागे जाणारा विचार आणि पुढे जाणारा विचार

मोठ्या कारखान्यांत व धरणांवर जोखीम तपासण्याच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. पहिली पद्धत मागे जाते. संकट ओढवले आहे असे कल्पून ‘हे कशामुळे झाले असेल?’ असा प्रश्न पुनःपुन्हा विचारीत कारणांचे झाड काढावयाचे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ही पद्धत १९६२ साली, म्हणजे पानशेतनंतर एका वर्षाने, क्षेपणास्त्रांच्या सुरक्षिततेसाठी बसविली गेली. पानशेतला ती लावली असती तर ‘धरण फुटले’ ह्या खोडाखाली ‘भराव खचला’, त्याखाली ‘मोरी खिळखिळी झाली’, त्याखाली ‘काँक्रीट साधे होते’ आणि ‘दारे अपुरी होती’ अशी मुळे दिसली असती. कोणते मूळ आधी तोडावयाचे, हे मग कागदावर उघड झाले असते.

दुसरी पद्धत पुढे जाते. ‘धरण फुटले, मग काय?’ असा तिचा प्रश्न असतो. खालचे धरण टिकेल काय? पूर दिवसा येईल की रात्री? पूल उभे राहतील काय? पाणीपुरवठा चालेल काय? पुण्याचा पूर दिवसा आला, म्हणून लोकांना उंच भागाकडे धाव घेता आली. तोच मध्यरात्री आला असता तर जीवितहानी किती वाढली असती, ह्याची कल्पना करावी. शहाणपण नव्हे, केवळ घड्याळ त्या दिवशी पुणेकरांच्या बाजूस होते.

गावातील पाझर तलावासाठी ही दोन्ही झाडे पाटीवर काढता येतात. त्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. तलाव रोज पाहणारी चार माणसे लागतात.

गुणांकनाची सोय आणि तिचा सापळा

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना शिकविली जाणारी सोपी पद्धत गुणांकनाची आहे. संकट किती वेळा येते ह्यास १ ते ५ गुण, त्याने हानी किती होते ह्यास १ ते ५ गुण, आणि दोहोंचा गुणाकार. समजा एका गावाने असे गुण दिले: दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा फरशी पूल, ५ गुणिले २ म्हणजे १०, वीज पडणे, ३ गुणिले ४ म्हणजे १२, गंजीला आग, ४ गुणिले २ म्हणजे ८, वरच्या अंगाचा तलाव फुटणे, १ गुणिले ५ म्हणजे ५. यादीत तलाव शेवटी गेला. ग्रामसभेने यादीच्या क्रमाने काम घेतले तर तलावाची पाळी कधीच येणार नाही. आणि खालच्या वस्तीतील सारी माणसे एका रात्रीत नेण्याचे सामर्थ्य तर त्यातच आहे.

सबब दुसरा नियम असा करावा की, ज्या संकटाच्या हानीस पूर्ण ५ गुण आहेत, ते किती का क्वचित येईना, त्याची निराळी यादी करून तिचा विचार आधी करावा. गुणाकार हा क्रम लावण्याचे साधन आहे; विचार करण्याच्या जबाबदारीतून तो कोणासही मुक्त करीत नाही.

हे काम कोणाचे?

हा हिशेब सरकारी अभियंत्यांनी व तज्ज्ञांनी करावा, त्यात गावाचे काय काम, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला, धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला, आणि मोठ्या धरणांसाठी आणीबाणीचा आराखडा करणे आता बंधनकारक आहे. परंतु हा दुसरा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी ठराविक अटींत बसणाऱ्यांना लागू होतो. गावोगावचे लहान पाझर तलाव, गावतळी व शेततळी त्याबाहेर राहतात. त्यांचा हिशेब गावाने केला नाही, तर तो होणारच नाही.

शिवाय तज्ज्ञाला पाण्याची उंची सांगता येते. ओढ्याकाठच्या तिसऱ्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, ऊसतोड मजुरांच्या खोपी पात्रातच पडल्या आहेत, हे त्यास ठाऊक नसते. जोखमीचे दुसरे व तिसरे अंग गावालाच ठाऊक असते.

दुसरा आक्षेप असा की, अशा चर्चेने भीती पसरते. पानशेतचा भराव खचत असतांना पुण्यातील नागरिकाला त्याची स्पष्ट सूचना मिळाली असती, तर थोडी धावपळ झाली असती हे खरे; पण न मिळालेल्या सूचनेची किंमत त्या धावपळीहून फार मोठी होती. पुणे जिल्ह्यातीलच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला व सुमारे १५० माणसे गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याची बातमी बाहेर नेली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. त्याच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. म्हणजे खूण दिसली होती. खूण दिसताच काय करावयाचे, कोणी करावयाचे, हे ठरलेले नव्हते.

पावसाळ्यापूर्वीची मांडणी

म्हणून धोक्याच्या हिशेबाचा शेवट आकड्यावर न होता माणसाच्या नावावर झाला पाहिजे. मे महिन्याच्या ग्रामसभेत गावचा नकाशा फळ्यावर काढावा. त्यावर ओढे, तलाव, कालवा, उतार, विजेच्या तारा व सखल घरे दाखवावीत. मागील वर्षभरात वरच्या अंगाला काय बदलले ते लाल खडूने लिहावे. मग प्रत्येक मोठ्या संकटासाठी खूण, कृती आणि नाव अशा तीन गोष्टी ठरवाव्यात.

तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपत असेल आणि ते स्वच्छ असेल, तर कळवावे व लक्ष ठेवावे. तेच गढूळ होऊ लागले, तर बांधातील माती वाहून जात आहे असे समजून खालची वस्ती तत्काळ हलवावी. बांधाच्या माथ्यावर लांबट भेग, खचलेली जागा किंवा जलाशयात भोवरा दिसल्यास तोच नियम. डोंगरउतारावर नवी भेग पडली, झाडे वा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, तर पाऊस थांबण्याची वाट पाहू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर रान सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये; झाडाखाली तर मुळीच थांबू नये. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन विजेची पूर्वसूचना देते. ते गावातील निदान दहा फोनांवर असावे.

प्रत्येक खुणेपुढे लक्ष ठेवणाराचे नाव, तो नसेल तर दुसऱ्याचे नाव, आणि देवळाची घंटा, भोंगा वा हाळी ह्यांपैकी कोणत्या मार्गाने वर्दी द्यावयाची, हे लिहावे. मग एके दिवशी त्याची रंगीत तालीम घ्यावी. तालमीत म्हातारी उचलण्यास चार माणसे कमी पडली, हे कळणे हाच तिचा लाभ. तालीम न झालेला आराखडा कपाटातील कागद होय.

शेतकरी पाऊस आपल्या इच्छेने पाडू शकत नाही, तरीही तो पावसाचा हिशेब मांडून पेरणी करतो. संकटाच्या बाबतीत त्याने निराळे वागण्याचे कारण नाही. बी-बियाण्याची यादी ज्या वहीत लिहिली जाते, त्याच वहीच्या पुढच्या पानावर ह्या वर्षीपासून गावच्या धोक्यांची यादी असावी. आणि ते पान मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी भरलेले असावे.